अर्ध्यात तुटणारं वाक्य

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण प्रतिक्रिया कधी दिली नाही. कारण माझी प्रतिक्रिया कुणाला आवडली नसती. मी दारव्ह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तळहातावर कापूर जाळणं, लिंबातून 'रक्त' काढणं — हे प्रयोग मी दरवर्षी आठवीच्या वर्गात करून दाखवते. आणि हे शिकायला मला पुस्तक लागलं नाही... लहानपणी मला फीट यायच्या, म्हणून माझ्यावरून इतके लिंबू उतरवले गेलेत, की त्यांचं सरबत केलं असतं तर अख्खा तांडा प्याला असता. फीट काही गेल्या नाहीत. तेव्हापासून 'बाहेरचं' वगैरे गोष्टींशी माझं काही देणंघेणं राहिलं नाही.

तरी लिहायला बसले आहे. जे झालं ते झालं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

माझं माहेर महागाव तालुक्यातलं. फुलसावंगीपासून जरा आत आमचा बंजाऱ्यांचा तांडा. घरी गोरबोली, शाळेत मराठी. चौथीत असताना मेंदूत ताप गेला आणि त्यानंतर फीट सुरू झाल्या. प्रत्येक फीटची सुरुवात एकसारखी. डाव्या कानामागून, अगदी हातभर अंतरावरून, एक माणूस म्हणायचा — "सामळ..."

आमच्या बोलीत सामळ म्हणजे ऐक. तरुण माणसाचा आवाज. थोडा दमलेला, घाईत असल्यासारखा. पुढं तो काहीतरी बोलणार, एवढ्यात माझी शुद्ध जायची. आई सांगते, मी दरवेळी "हाव, सांग" — म्हणजे हो, सांग — असं म्हणायचे आणि मगच पडायचे. घरात तोच इशारा ठरला होता. मी "हाव, सांग" म्हटलं की जवळ जो असेल तो धरायला धावायचा.

डॉक्टर याला ऑरा म्हणतात. फीट येण्याआधी कुणाला जळका वास येतो, कुणाच्या पोटातून काहीतरी वर चढतं, मला माणूस ऐकू यायचा. मेंदूतल्या ऐकण्याच्या भागात ठिणगी पडली की आवाज येणारच. त्यात मला कधी भुताटकी दिसली नाही.

लग्न होऊन दारव्ह्याला आले. माझे मिस्टर, प्रवीण, एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. घरात सासूबाई — सोनाबाई. त्यांचं माहेर बोरी अरबजवळच्या तांड्यातलं. लग्नाआधी त्यांच्या आणि आमच्या घराची ओळखपाळख काही नव्हती. स्थळ माझ्या डीएडच्या मैत्रिणीनं सुचवलं होतं. फीटचं आम्ही लपवलं नव्हतं. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "फीटच ना? तोंड तं चांगलं हाय ना पोरीचं?" त्यांना तोंड म्हणजे बोलणं अभिप्रेत होतं.

मुलगी झाली, रुही. ती पाच-सहा महिन्यांची असताना तिला कडेवर घेऊन मी अंगणात उभी होते. "सामळ..." ऐकू आलं. सासूबाईंनी धावत येऊन आधी रुहीला ओढून घेतलं, मग मला धरायला बघितलं. मी कपडे धुवायच्या दगडावर पडले. रुहीला खरचटलंही नाही. त्या दिवसापासून मी माझ्या मुलीला एकटी असताना उचललं नाही. कुणी बंदी घातली नव्हती. माझी मीच घातली.

गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करता येईल, पण फीट नेमकी कुठून उठते ते बाहेरून दिसत नाही. आत तारा घालून बघावं लागेल.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — कवटीला बारीक छिद्रं पाडतात आणि शेवयांसारख्या तारा मेंदूत ठरवलेल्या ठिकाणी सोडतात. प्रत्येक तारेवर थोड्या थोड्या अंतरानं धातूची कडी असतात. प्रत्येक कडं आपापल्या जागची वीज टिपतं. डोक्याला फेट्यासारखं बँडेज, त्यातून निघालेली वायरींची वेणी मशीनला जोडलेली, समोर कॅमेरा. मग गोळ्या कमी करतात आणि फीट यायची वाट बघत बसतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. टाके तेवढे ठणकतात.

प्रवीणना मी हे समजावून सांगायला गेले तर तेच म्हणाले, "कायले समजावतं? गाडीत आवाज येऊन राह्यला आन् कुठून येते ते समजून नाही राह्यलं, तं बोनेट उघडाच लागते."

रुहीजवळ प्रवीण राहिले आणि दवाखान्यात माझ्यासोबत सासूबाई आल्या.

तारा घातल्यावर चार-दोन फीट येऊन गेल्या आणि जागा सापडली. उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला. दरवेळी ठिणगी तिथूनच उठत होती. मग एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "इतके दिवस आपण त्या जागेचं ऐकत होतो. आज तिला थोडं डिवचून बघू. त्याच तारेतून अगदी किंचित वीज सोडणार. काय वाटतं ते मोठ्यानं सांगायचं." कापण्याआधी तिथं बोलण्याचा, ओळखण्याचा काही भाग तर नाही ना, हे तपासायचं असतं.

मी पेपर मोठ्यानं वाचत होते. मॅडम मशीनपाशी. सासूबाई खिडकीजवळच्या स्टुलावर रुहीसाठी लोकरीची टोपी विणत बसल्या होत्या. पहिल्या काही कड्यांना काहीच झालं नाही. एकदा ओठ थरथरला, एकदा तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली. मग ती जागा आली.

"सामळ," मी म्हणाले.

"ऐकू आलं?"

"हो. तोच माणूस."

"फीट येतेय असं वाटतंय?"

नव्हतं वाटत. हेच नवीन होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलला आणि मी शुद्धीवर होते. मॅडमना यात नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, फीटमध्ये ठिणगी पसरत जाते, इथं वीज आपल्या हातात आहे, आपण थांबवतो.

मग त्या म्हणाल्या, "परत देते." मी कान देऊन बसले. काहीच नाही. तेव्हा त्यांनी वीज सोडलीच नव्हती. मनाचे खेळ आहेत का हे बघायला अधूनमधून असं फसवतात. मला ते आवडलं. मीही वर्गात असंच केलं असतं.

पुढच्या वेळी खरी दिली, जरा जास्त वेळ. आणि वाक्य पुढं सरकलं. मी जसं ऐकू येत होतं तसं गोरबोलीतच बोलत गेले. तुमच्यासाठी मराठीत लिहिते —

"ऐक भिंगरी, याडीला सांगू नको..."

याडी म्हणजे आई.

सासूबाईंच्या हातातल्या सुया थांबल्या. त्या उठल्या, पलंगापाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे नाव कोनं सांगतलं तुले?"

"कोणतं नाव?"

"भिंगरी. कोनं सांगतलं?"

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. पलंगाचा दांडा धरून उभ्या राहिल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "देवा ना अजून. मंग काय म्हन्ते तो?"

मॅडमना गोरबोली येत नाही. दोघींमध्ये काय चाललंय ते त्यांना कळलं नसावं. त्यांनी ठरलेल्या क्रमानं पुढची वीज दिली. पुन्हा सुरुवातीपासून, तोच आवाज, तीच घाई —

"ऐक भिंगरी, याडीला सांगू नको, मी फुलसावंगीला गिरजाकडे चाललो. तू मोठी झाली की मग सांग तिला."

इथं मशीनवर रेषा नाचायला लागल्या आणि मॅडमनी लगेच थांबवलं. मला फीट आली नाही. वाक्य संपलं होतं. त्यापुढं नुसता एसीचा आवाज.

खरं सांगते, तेव्हा मला काहीच विशेष वाटलं नाही. फुलसावंगी माझंच गाव. मेंदूनं कुठली तरी लहानपणीची चिंधी बाहेर काढली असणार. मॅडमही तेच म्हणाल्या. "या भागात गाणी, आवाज, जुनी वाक्यं सापडतात कधी कधी. जे बाहेर येतं ते कधीतरी आत गेलेलं असतं."

दुपारी जेवणाचं ताट तसंच ठेवून सासूबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या.

त्यांना एक मोठा भाऊ होता, रामधन. हे मला माहीत होतं. तो अडाण नदीच्या पुरात वाहून गेला, हेही माहीत होतं. घरात तेवढंच सांगत. त्यांनी सांगितलं ते वेगळं होतं.

त्या सात-आठ वर्षांच्या असतील. तांड्याबाहेर बाभळीपाशी त्यांना रामधन भेटला. खांद्यावर गाठोडं. त्यानं त्यांचा दंड धरून थांबवलं. "सामळ भिंगरी," तो म्हणाला, "याडीला सांगू नको..." भिंगरी हे नाव फक्त त्याचं. सासूबाई सारख्या धावत असायच्या म्हणून. दुसरं कुणी त्यांना त्या नावानं हाक मारत नव्हतं. त्याच वेळी बैलबाजारातून परतणाऱ्या गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. सासूबाईंचा बाप त्या गाड्यांबरोबर होता आणि त्यानं बांगड्या आणायचं कबूल केलं होतं.

"मी हात सोडवला आन् धावली," सासूबाई म्हणाल्या. "तो काहीतरी बोलून राह्यलता. मले वाटलं, सांगू नको म्हन्ला ना, बस झालं. मी सांगतच नाही."

"मग?"

"मंग पूर आला. याडी म्हने, पोरगं नदीत गेलं. गावानं गळ टाकले, शोधलं. मी बोललीच नाही. त्यानं मले सांगू नको म्हन्लं होतं." त्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. "याडी मरेपर्यंत पावसाळ्यात नदीकाठी जाऊन बसे. मी तिले घरी आनाले जात जाओ. आन् बोलत नव्हती."

मी विचारलं, तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं का? प्रवीणना? मामंजींना?

"कोनाले नाही. आज तुले."

माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. झोपेत बोलल्या असतील, कधी रुहीला जोजवताना नाव निघालं असेल. पण मी "सामळ" ऐकत होते ते चौथीपासून. आणि पुढचा भाग — फुलसावंगी, गिरजा — तो तर सासूबाईंनीही ऐकला नव्हता. बाभळीपाशी जे वाक्य अर्धं राहिलं, त्याचा उरलेला भाग त्यांना माझ्या तोंडून कळला.

त्या पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या. "'मोठी झाली की सांग', असं म्हन्ला? बराबर असंच?"

"हो."

"मोठी तं झाली मी," त्या म्हणाल्या. मी डोक्याला वायरी असल्यामुळं उठून त्यांना धरूही शकत नव्हते. नुसता हात पुढं केला. त्यांनी तो धरून ठेवला.

तारा काढल्या. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता. जखमा सुकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले तुह्या माहेरी ने." प्रवीणनी ओळखीच्याची गाडी घेतली आणि दिग्रस, पुसद करत आम्ही फुलसावंगीला गेलो. खरं सांगायचं तर गिरजा नावाची कुणी सापडू नये असंच मला वाटत होतं. सापडली नसती तर सगळं सरळ झालं असतं.

माझ्या आईला विचारलं. ती तांड्यात राहते, पण दळणापासून दवाखान्यापर्यंत सगळं फुलसावंगीलाच. ती म्हणाली, "गिरजा? बाजाराच्या मागं राह्यते ते म्हतारी? गिरनीवाल्या रामूची बायको?"

गिरणीवाला रामू मी कधी पाहिलेला नाही. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी तो छातीत दुखून गेला. गिरणीही नंतर बंद पडली. त्याच्या घरी मी कधी गेले नव्हते, गिरजाबाईंनीही मला ओळखलं नाही. पत्र्याच्या छपराखाली त्या अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पाय लांब केलेले.

सासूबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "रामधन राठोड तुमचे कोन?" त्यांनी विचारलं.

गिरजाबाईंनी भाजी बाजूला सारली. "हे नाव इथं कोनालेच मालूम नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही कोन व्हय?"

"मी त्याची बहीन. सोना."

गिरजाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "भिंगरी?"

मी आणि प्रवीण दारातच होतो. मी प्रवीणकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

बाकीचं गिरजाबाईंनी सांगितलं. त्या बोरी अरबला मावशीकडे राहायला होत्या, तिथं ओळख झाली. जात वेगळी. तांड्याच्या पंचायतीनं ऐकून घेतलं नसतं. म्हणून तो निघून आला आणि 'रामू' म्हणून गिरणीवर राहिला. बोलणं पूर्ण बदललं. घरात गोरबोलीचा एक शब्द काढत नसे. त्यामुळं गिरजाबाईंनाही ती येत नाही.

"तो म्हने, म्या भिंगरीले सांगून ठेवलं हाय. ते मोठी झाली का सांगनच," गिरजाबाई म्हणाल्या. "मंग वाट पाहे. कधी कधी बोरीच्या बाजाराले जाऊन उभा राहून येई, बोलत नसे कोनाशी. मी म्हनो, घरी जा ना. तं म्हने, सांगतलं असन तिनं. तरी कोनी आलं नाही म्हंजे राग गेला नाही त्याहीचा. मी कोन्या तोंडानं जाऊ?"

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी मोठ्यानं रडावं असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. "मी सांगतलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्याले जाऊन कोनं सांगाव आता, का मी सांगतलंच नाही?"

गिरजाबाईंनी निवडलेली भाजी सुपात सारली आणि सासूबाईंना बसायला पोतं टाकलं. आम्ही निघालो तेव्हा दोघी भाजी निवडत होत्या. प्रवीण म्हणाले, "राहू दे आईले. दोन दिवसांनं घ्याले येऊ."

परत येताना दिग्रसच्या पुढं आल्यावर ते म्हणाले, "वैशाली, त्या मान्साले अजून काही सांगाचं असन तं? ती जागा कापून टाकली तं?"

याचं उत्तर दोन दिवसांनी सासूबाईंना आणायला गेलो तेव्हा त्यांनीच दिलं. "कापून टाक," त्या मला म्हणाल्या. "त्याचं बोलून झालं. लेकरू घे कडेवर."

ऑपरेशन झालं. तेव्हापासून फीट नाही. आवाजही नाही. गोळ्या सुरू आहेत, पण कमी. रुही आता कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नाही. तरी मी घेते. शाळेपर्यंत नेते, बायका हसतात.

मी शक्य तेवढी शोधाशोध केली. गिरजाबाईंनी कुणाला सांगितलं आणि ते फिरत फिरत लहानपणी माझ्या कानावर पडलं, असं धरून चाललं तरी कुणाला सांगितल्याचं त्यांना आठवत नाही. आणि बाभळीपाशी रामधननं नेमके कोणते शब्द वापरले ते त्यांनाही माहीत नव्हते, फक्त मतलब माहीत होता. शब्द, तेही गोरबोलीत, त्या माणसाजवळ होते. त्यातले अर्धे सासूबाईंजवळ. आणि मी त्या माणसाच्या बहिणीच्या घरात सून म्हणून येऊन पडले, हा योगायोग वेगळाच. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला मेंदूतली वीज कळते. ती कुठून सुरू झाली ते सांगता येतं. वाक्य कुठून आलं ते नाही." मला त्यांचं हे उत्तर आवडलं. माझ्याजवळही यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

मागच्या आठवड्यात सासूबाई फुलसावंगीहून आल्या. आता महिन्यातून एकदा त्या जातातच. पाय धुऊन आत आल्या आणि अचानक म्हणाल्या, "वैशाली, तुह्या डोक्यातून जे काढलं, त्याचं काय केलं त्याहीनं?"

"प्रयोगशाळेत पाठवलं आई. बारीक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात."

"मंग काय दिसलं?"

"जुन्या तापाचा एक व्रण. तिळाएवढा."

"आन् अजून?"

"अजून काही नाही."

"बराबर पाह्यलं का त्याहीनं?" एवढं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.